सर आधी मूर्तीच्या मागं जायचे

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षा घेत होतो. दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज, बाहेरचा परीक्षक म्हणून गेलेलो, समोर पोरापोरींनी घडवलेल्या अकरा मूर्ती ओळीनं मांडलेल्या आणि हातात गुणांचा तक्ता. फोन शहागडहून होता, सरांच्या घरून, काकूंचा. "उत्तम, सर गेले रे. सकाळी चहा मागितला. मी आणूस्तोवर..." मग एकदम सावरून म्हणाल्या, "परीक्षा टाकून येऊ नको बरं. त्यांना पटनार न्हाई." मी परीक्षा टाकून निघालो. पोचलो तेव्हा गोदावरीच्या काठावर नुसती राख होती, अजून गरम. खरं सांगतो, रस्ताभर मला रडू आलं नाही. रस्ताभर मला एकाच गोष्टीची धास्ती होती. तीन दिवसांपूर्वी सरांनीच फोन केला होता. "तीर्थपुरीकडं जायचंय," म्हणाले, "देवीचं नाक झिजलंय म्हणून राह्यल्यात बाया. टाकी लावावी लागंल. तू ये." मी म्हणालो, परीक्षा उरकली की येतो. तेव्हा म्हणाले, "अन् एक गोष्ट सांगायची राह्यलीय तुला." सांगा की, म्हटलं. "फोनवर न्हाई. तिथं उभं राहून सांगायची हाय. इतकी वर्षं राह्यली, आठ दिवसांनी काय होतंय?"

आठ दिवस मिळाले नाहीत. त्याला आता पाच आठवडे झाले. ते काय सांगणार होते, याचा घोर तेव्हापासून मला लागलेला. बरं असतं तर फोनवरच सांगितलं असतं, असं सारखं वाटायचं. आता ही देवी कोण आणि तिच्या नाकासाठी सरांनी मलाच का बोलवावं, हे सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल. तशीही सरांची सगळ्या गोष्टीला मागूनच सुरुवात असायची. कुठलीही मूर्ती दाखवा, ते आधी तिच्या मागं जायचे. देवळात गेले तरी तेच. पुजारी खेकसायचा, "ओ, पुढून दर्शन घ्या!" तर सर म्हणायचे, "पुढून तर तुम्ही रोज सजवता. कारागिरानं मागं काय केलंय ते बघून राह्यलो." लग्नात मांडवाच्यासुद्धा मागं जाऊन दोऱ्या कशा बांधल्यात ते बघून यायचे आणि मगच जेवायला बसायचे. काकू वैतागायच्या.

सर विद्यापीठात शिल्पकला शिकवायचे. शहागडच्या शेतकऱ्याच्या घरातले, हैदराबादेत शिकून आलेले. मी विभागात दाखल झालो तेव्हा, ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल, तिथं परदेशी पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला होत्या. हात तुटलेले, नाकं सरळ. सरांनी पहिले सहा महिने त्यांच्यावर चादरी टाकून ठेवल्या. "हे पाहुणे हायत," म्हणाले. "आधी घरच्यांना भेटू, मंग पाहुण्यांना." घरचे म्हणजे कोण, तर पोळ्याचे बैल करणारा कुंभार, महालक्ष्म्यांचे मुखवटे करणारी म्हातारी, गावोगाव जाती-पाट्यांना टाकी लावत, म्हणजे छिन्नीनं टवके पाडत, फिरणारा पाथरवट. या लोकांना ते वर्गात आणायचे, खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः आमच्यासोबत खाली बसायचे. नाही तर आम्हालाच एसटीत कोंबून त्यांच्या गावी न्यायचे. एकदा विभागप्रमुखांनी भर बैठकीत टोमणा मारला, "तुम्ही विद्यापीठात शिकवता की रोजगार हमीवर?" सर म्हणाले, "दोन्हीकडं दगडच हाय, साहेब." पण ही मस्करी तेवढ्यापुरतीच. दर वर्षी हा विषय काढून टाकायची चर्चा व्हायची आणि दर वर्षी सर परीक्षेच्या महिन्यात वाळायचे. परीक्षक बाहेरचा यायचा. त्याला आमची कामं पटली नाहीत तर विषय जाणार, हे ते आम्हाला सांगत नसत, पण आम्हाला कळायचं.

माझं म्हणाल तर माझ्या घरात मी पहिला कॉलेजात गेलेला. याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे, मी तो लपवत नाही. लपवायचो ते दुसरंच. आम्ही परतूरजवळच्या एका गावच्या बौद्ध वस्तीतले. माझ्या वडलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तरुणपणी घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. ती टोपली रिकामी घरी आणली, त्यात पुढं कोंबड्या बसायच्या. हे मी घरी छाती फुगवून ऐकायचो. पण शहरात आल्यावर आडनाव सांगायची वेळ आली की मी आधी नुसतं गावाचं नाव सांगून बघायचो. ते दिवस आमच्याकडं बरे नव्हते, वस्त्या जाळल्याला चार-पाच वर्षंच झालेली. आडनाव सांगायचं आणि समोरच्याचा चेहरा वाचायचा, ही सवयच लागून गेली होती. म्हणून सर हजेरी नंबरानं घ्यायचे याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू! "नावं माझ्या ध्यानात राहत न्हाईत," म्हणायचे. माझा नंबर सात. कामाच्या बुडाशी, मागच्या बाजूला, तोच नंबर कोरायचा, असा त्यांचा नियम होता. सात हा मला माझ्या नावापेक्षा सुखाचा वाटायचा.

दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, उद्या परतूरला जायचं, रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडतात, त्यांची चित्रं काढायची. त्या कामावर माझी आई होती. मी म्हणालो, ताप आहे. सरांनी कपाळाला हात लावला. "उतरंल. चल." रेल्वेनं गेलो. नऊ-दहा बाया उन्हात ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढं खडीचा ढीग. सरांनी विचारलं, "सगळ्यात एकसारखी खडी कोनाची?" सगळ्या बायांनी एकीकडं बोट केलं. सर तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि आम्हाला भोवती बसवलं. तिनं वर बघितलं. मी दिसलो. आणि मी रेल्वेच्या फाटकाकडं बघायला लागलो...

तिला कळलं. बोटांना दगड लागू नये म्हणून तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, प्रत्येक बोटाला दोन-दोन वेढे. ते सारखे करत सरांना म्हणाली, "दगडाला शीर असती. शीर घावली तर एका घावात दोन होतात. न्हाई घावली तर बसा दिवसभर ठोकत." सरांनी विचारलं, "बाई, लेकरं काय करतात?" "शिकायला हायत." "कुठं?" "हायत की तिकडं," ती म्हणाली आणि पुढचा दगड घेतला. परत येताना गाडीत पोरं तिच्या त्या शिरेच्या गोष्टीबद्दलच बोलत होती. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. सर समोर बसून माझ्याकडं बघत होते की झोपले होते, ते काही सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी सरांनी आम्हाला महिनाभरासाठी तीर्थपुरीजवळच्या एका गावात नेलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं लक्ष्मणबाबा म्हणून म्हातारे पाथरवट राहायचे. गावाच्या कडेला लिंबाखाली त्यांचं काम चालायचं. पदवीच्या परीक्षेचं शिल्प तिथंच, त्यांच्या हाताखाली, त्यांच्या पद्धतीनं घडवायचं होतं. मी काळ्या दगडात बसलेली बाई घेतली. दीड हात उंच, एका हातात हातोडी, दुसरा हात दगडावर, बोटांना ते वेढे. कोण म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. लक्ष्मणबाबांनी मला टाकी धरायला शिकवली, माझ्यावर ओरडले, माझी भाकर खाल्ली आणि एकच गोष्ट चार-चारदा बजावली. "डोळे मागाहून. आधी मूर्ती तिच्या जाग्यावर न्यायची, बसवायची, मंग डोळे द्यायचे. जिथं डोळे उघडले तिथली ती झाली."

मी हो म्हणालो. पण परीक्षा पाच दिवसांवर आलेली. दुसऱ्या दिवशी मूर्ती न्यायला ट्रक येणार होता. विभागात पोचून, मूर्ती उतरवून, मग डोळे कधी करायचे? हात चुकला तर? परीक्षकापुढं आंधळी बाई ठेवायची? मला काही सुचेना. दुपारी लक्ष्मणबाबा जेवायला गेले. उजेड बरा पडावा म्हणून मी मूर्ती फिरवून तिचं तोंड गावाकडं केलं, आणि तासाभरात दोन्ही डोळे उघडून टाकले. चांगले उघडले. आजही सांगतो, माझ्या हातून तसे डोळे पुन्हा झाले नाहीत.

टाकी लावलेलं जातं न्यायला गयाबाई नावाची बाई आली होती. वयानं तेव्हा तिशीतली असेल. ती जातं विसरून मूर्तीसमोर उभी राहिली. "आता गं बाई," म्हणाली, "ही तर बघून राह्यली." मग जवळ वाकून, "बोटाबोटात अंगठ्या हायत. साधी बाई न्हाई ही." मी म्हणायला हवं होतं की ताई, त्या अंगठ्या नाहीत. मी हसलो फक्त. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक चाललंय.

सकाळी लिंबाखाली गेलो तर मूर्तीला हळद-कुंकू. ट्रक यायच्या आधी शेंदूर चढला होता, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि समोर नारळ. पंधरा-वीस बाया गोल बसलेल्या. ट्रकवाल्यानं दुरूनच हात जोडले आणि म्हणाला, "मी देव उचलत नसतो." लक्ष्मणबाबा माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नव्हते. "गावाकडं तोंड करून डोळे दिलेस. आता ती गावाची. उचलून बघ, तिची नजर मागं राहती का ते." माझी पदवी त्या लिंबाखाली शेंदरात बसली होती. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच. ही कुणाच्या हातची आहे हे गावाला कळलं तर? कोणत्या वस्तीतल्या पोरानं यांचा देव घडवला हे कळलं तर? मी सरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आडनावासकट. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय रे. तुझा अर्ज मीच वाचलाय." मग मूर्तीच्या मागं गेले, उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मागं शेंदूर नव्हता. उठून म्हणाले, "काम बराबर झालंय. आता परीक्षकाला इथं आणू."

परीक्षक मोठ्या शहरातले, इस्त्रीच्या पँटीतले. त्यांना सरांनी आधी रेल्वेत, मग एसटीत, मग बैलगाडीत बसवलं. मी सोबत होतो आणि वाटेत कुठंही गाडी बंद पडावी अशी मनातून आशा करत होतो. लिंबाजवळ पोचलो तर सगळं गाव जमलेलं. परीक्षक पुढं झाले तशी गयाबाई म्हणाली, "चपला काढा, साहेब." त्यांनी बूट काढले. मूर्ती वाकवून मागचं बघावं म्हणून हात लावला तर चार बाया ओरडल्या. मग सरांनी त्यांना फिरवून मागं नेलं. दोघं मागं बसून काहीतरी बोलले. परीक्षक उठले, पुढं आले, चष्मा पुसला आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं विचारलं, "फारच छान. कोणी केलंय हे?"

माझा पाय अर्धा पुढं पडला होता. चाळीस-पन्नास माणसं माझ्या आजूबाजूला. पारावरचे लोकसुद्धा उठून आलेले.

"क्रमांक सात," सर म्हणाले.

"नाव काय?"

"तक्त्यात नाव नसतं, साहेब. नंबरच असतो. नियम तुमचाच हाय."

परीक्षक हसले, त्यांनी तक्त्यात लिहिलं. गर्दीत पार मागपर्यंत कुजबुज गेली, सात नंबरानं केली, सात नंबरानं. मी पाय मागं घेतला. सुटलो, असं वाटलं. मला पहिला वर्ग मिळाला, विषयही त्या वर्षी वाचला. निकालाचा कागद घेऊन घरी गेलो आणि जेवताना सगळं सांगून टाकलं. दादांचा घास हातात राहिला. "आम्ही टोपलीभर देव नदीत सोडले," ते म्हणाले, "अन् तू पदवी शिकून एक नवा घडवलास?" आई पदर तोंडाला लावून हसत होती. "माझ्या तोंडाला शेंदूर? खाजंल की रे मला!" मग हसणं थांबवून म्हणाली, "एकदा दाखव मला." हो म्हणालो. नेलं नाही. आधी भीती म्हणून, मग नोकरी, मग सवयच झाली. दर वर्षी विचारायची, मग विचारायची थांबली.

सुटल्यासारखं वाटलेलं ते फार दिवस टिकलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्यावर माझं नाव नाही. सरांनी ते घ्यायची हिंमत केली नाही. गावाला भ्याले. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना काय फरक पडतोय... असं मी मनात घोळवत राहिलो. पुढं मी त्याच विभागात शिकवायला लागलो. रुजू झालो त्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ते टाकीला धार लावत होते. पेढा देता देता तोंडून निघून गेलं, "सर, त्या दिवशी माझं नाव कामून लपवलं?"

त्यांनी धार लावायचं थांबवलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. "अन् तू खडीवर कोनाचं लपवलंस?"

मी पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून बाहेर आलो. त्यांना तेव्हापासून माहीत होतं. तिच्या बोटांवरून, की माझ्या मानेवरून, कुणास ठाऊक. पुढचे सात-आठ महिने आम्ही कामापुरतं बोललो. मग एक दिवस तेच माझ्या वर्गात आले, माझ्या विद्यार्थिनीनं केलेल्या बैलाच्या मागं जाऊन बसले आणि म्हणाले, "शेपटी बघ कशी केलीय पोरीनं! ये, ये, इकडून बघ." मीही जाऊन बसलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ते निवृत्त झाले, शहागडला राहायला गेले, आणि वर्षातून दोन-तीनदा एकटेच तीर्थपुरीकडं जाऊन यायचे. मला वाटायचं, जुन्या ओळखी असतील. लक्ष्मणबाबा तर केव्हाच गेले होते.

तेराव्याला काकूंनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू हातात दिली. सरांची टाकी. तीच, ज्या दिवशी पेढे नेले त्या दिवशी धार लावत होते ती. मागच्या टोकाला ठोकून ठोकून छत्रीसारखी पसरलेली. "नाकाचं काम राह्यलंय म्हनले होते," काकू म्हणाल्या. "बाकी काही बोलले नाहीत का?" मी विचारलं. "काय बोलनार होते?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

त्यानंतर तीन आठवडे ती टाकी माझ्या पिशवीत तशीच होती. गेल्या रविवारी मी परतूरला गेलो आणि आईला म्हणालो, चल. दादा आता नाहीत. आईचे गुडघे गेलेत, पण तिनं एकदाही कुठं म्हणून विचारलं नाही. नवं लुगडं नेसली आणि जीपमध्ये पुढं बसली. फक्त वाटेत एकदा म्हणाली, "मी काही हात जोडनार न्हाई बरं." मी म्हटलं, नको जोडू. इतक्या वर्षांनी आडनाव सांगायला काय भ्यायचं, पन्नाशीकडं आलो, प्राध्यापक झालो, असं स्वतःला समजावत होतो, आणि ते समजावणं काही पोटापर्यंत पोचत नव्हतं.

लिंब तसाच होता. खाली आता सिमेंटचा ओटा आणि वर पत्रा. एक पांढऱ्या केसांची बाई ओटा झाडत होती. मी ओळखलं, गयाबाई. तिनं मला ओळखलं नाही. "कोन पाहिजे?"

"सरांनी पाठवलं. नाकाचं काम आहे."

ती झाडू टेकून उभी राहिली. "सर न्हाई आले?" मी सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली. मग डोळे पुसत माझ्याकडं बघितलं, "मंग तुम्ही सात नंबर का?"

"सात नंबर," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "माझं नाव उत्तम किसन साळवे. परतूरकडचा. बौद्ध वस्तीतला." एका दमात म्हणालो, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"ते म्हाईत हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकून दुसरंच काही ऐकलं. मग तिनं सांगितलं ते असं. परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सर एकटे आले होते. पारावर बसलेल्या माणसांपुढं उभं राहून त्यांनी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. "म्हनले, त्या दिवशी पोरगं गर्दीत उभं होतं, त्याला काही व्हईल म्हून भेलो. आज मी एकटा हाय. मला काय करायचं ते करा. पन काम कोनाचं ते म्हाईत असू द्या." मी विचारलं, मग काय झालं? "काय व्हायचंय..." ती झाडूची एक काडी मोडत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शेंदूर खरवडून काढला कोनीतरी. मूर्ती फिरवली. तोंड लिंबाच्या बुंध्याकडं, पाठ गावाकडं. सहा म्हैने तशीच व्हती. सर यायचे. पाठीपुढं बसायचे, चहा प्यायचे, जायचे. एका शब्दानं बोलत नव्हते कोनाला. मंग आम्हीच बायांनी फिरवली परत. म्हनलं, आमच्याकडं बघून डोळे उघडलेत तिनं, तुमचं काय जातंय? दोन घरं अजून येत न्हाईत. नगा येऊ."

हीच गोष्ट त्यांना तिथं उभं राहून सांगायची होती का? असेल. ते सहा महिने माझ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून त्यांनी माझा राग वीस वर्षं अंगावर घेतला, की सांगायला जमलंच नाही, की आणखी काही वेगळंच सांगायचं होतं? विचारायला आता माणूस नाही. माझा घोर त्यानं गेला, असं मी म्हणणार नाही. उलट एक नवा लागलाय. ज्या माणसाला मी भित्रा समजत होतो त्याच्यासमोर मी इतकी वर्षं रोज चहा प्यायलो आणि एकदाही त्याच्या मागं जाऊन बघितलं नाही.

आई तोवर ओट्यापाशी पोचली होती. मूर्तीकडं बघत होती. शेंदराचे थर इतके चढलेले की चेहरा सुजल्यासारखा, नाक सपाट. मी गयाबाईला म्हणालो, "ही माझी आई. हीच आहे ती." एवढं तर सरांनीही तिथं सांगितलेलं नव्हतं. ते माझं मला सांगायचं होतं. गयाबाईनं आईकडं बघितलं, मग मूर्तीकडं, मग परत आईकडं. उठून आईचा हात धरला, बोटं चाचपली.

"अंगठ्या कुठं गेल्या?"

"कशाच्या अंगठ्या गं बाई," आई म्हणाली, "सायकलची ट्यूब व्हती ती!"

गयाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली ते थांबेचना. आईही हसली. मग तिनं चपला काढाव्यात की नाही यावर थोडा विचार केला, काढल्या, म्हणाली, "पाय भाजतात, म्हून काढून राह्यले," आणि ओट्याच्या सावलीत बसली. एक गुडघा मुडपून, एक हात खाली टेकून. खडीवर बसायची तशीच. "असं नाक नव्हतं माझं," म्हणाली. "नीट बघून कर आता."

मी फडकं सोडलं आणि सरांची टाकी हातात घेतली. टाकीवर अंगठा जिथं टेकतो तिथं त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही, जरा मागं पडतो. गयाबाई तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन आली, शेंदूर पुसायला. आई मान वर करून तयार बसली होती. दोघी माझ्याकडं बघत होत्या, कधी सुरुवात करतो म्हणून.

नाकाला हात लावायच्या आधी मी मागं गेलो.